एकाची धास्ती, दुसऱ्याची उपेक्षा

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना विचारा, मेडिसिनच्या प्रात्यक्षिकात कोणती लाँग केस, म्हणजे सविस्तर तपासून मांडायचा रुग्ण, नको? बहुतेक जण म्हणतील, ‘सीएनएस’, म्हणजे मज्जासंस्थेची. छाती चालेल, पोट चालेल, हृदयाची झडपही एक वेळ चालेल. पण हातात रबरी हातोडी घेऊन अर्धांगवायूच्या रुग्णापुढे उभं राहणं नको. मग मानसोपचाराची केस लागली तर? या प्रश्नावर ती नुसती हसतात, कारण तशी लाँग केस लागतच नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं.

मेंदूशी नातं सांगणाऱ्या दोन विषयांची आपल्या वैद्यकीय शिक्षणात अशी गत आहे. न्यूरॉलॉजीची धास्ती वाटते आणि मानसोपचाराकडे लक्षच जात नाही. कारणं उलटी असली तरी परिणाम एकच होतो. एमबीबीएस होऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलेला डॉक्टर आकडीच्या रुग्णापुढे बिचकतो आणि उदासीनं खचलेल्या माणसाला जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं दिसलं. त्यांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत, आजाराच्या प्रकारानुसार, उपचार पोहोचलेच नव्हते. बारा राज्यांत झालेल्या या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत तो अग्रभागी आहे. २०२२ मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. अपस्माराचे रुग्ण देशात एक कोटीच्या वर असल्याचा अंदाज आहे. एवढ्या लोकांना पुरतील इतके तज्ज्ञ नजीकच्या काळात तयार होणार नाहीत. म्हणून साध्या एमबीबीएस डॉक्टरला या दोन विषयांतलं काय येतं आणि ते त्याला कुठे शिकवलं जातं, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा ठरतो.

एक घर, वेगळ्या चुली

हे दोन विषय मुळात इतके दूर नव्हते. मनाचे आजार हे मेंदूचेच आजार आहेत असं ठासून सांगणाऱ्या विल्हेल्म ग्रीझिंगर यांनी १८६०च्या दशकात बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे विभाग एका छत्राखाली आणले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को एका बाजूला मज्जासंस्थेच्या आजारांचं वर्गीकरण करत होते आणि दुसऱ्या बाजूला हिस्टेरियाचे रुग्ण विद्यार्थ्यांपुढे आणत होते. १८८५-८६ मध्ये तिथे शिकायला गेलेला तरुण फ्रॉइड तेव्हा मज्जासंस्थेचाच अभ्यासक होता. अमेरिकेत १९३४ साली स्थापन झालेलं प्रमाणन मंडळ आजही मानसोपचार आणि न्यूरॉलॉजी या दोन्ही विषयांच्या तज्ज्ञांना प्रमाणपत्रं देतं.

भारतात मात्र दोन्ही विषय वेगवेगळ्या दारांनी आले. मानसोपचार आला तो इंग्रजी राजवटीतल्या वेड्यांच्या इस्पितळांतून. ही इस्पितळं वैद्यकीय महाविद्यालयांपासून आणि रोजच्या रुग्णांपासून तुटलेली होती. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आजही चालू आहेत; पण मेडिसिनचा वॉर्ड एकीकडे आणि मनोरुग्णालय दुसरीकडे, ही रचना जुनीच आहे. सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराला जागा मिळाली ती १९३३ मध्ये कोलकात्यात, गिरींद्रशेखर बोस यांच्या प्रयत्नांनी. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी असा विभाग सुरू केला. पुढे केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती मांडली आणि मुंबईतल्या मानसोपचार शिक्षणाला स्वतःचा चेहरा दिला. १९४६ च्या भोर समितीनं मनोरुग्णालयांच्या दुरवस्थेबरोबरच प्रशिक्षित माणसांच्या टंचाईवरही बोट ठेवलं. त्यातून १९५४ साली बंगळुरूत अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली.

न्यूरॉलॉजी आली मेडिसिन आणि शस्त्रक्रियेच्या दारानं. वेल्लोरला १९४९ मध्ये जेकब चांडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियांचा विभाग सुरू केला. १९५१ मध्ये त्यांनी बी. रामामूर्ती, बलदेव सिंग आणि एस. टी. नरसिंहन यांच्यासह न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मुंबईत जे. जे. मध्ये डॉ. नोशीर वाडिया यांनी या विषयाची परंपरा रुजवली. डोळ्यांच्या हालचाली मंदावणारा एक आनुवंशिक विकार त्यांनी १९७१ मध्ये भारतीय कुटुंबांत वर्णन केला आणि तो जगभरच्या ग्रंथांत गेला. वॉर्डात रुग्णाचे डोळे बारकाईनं पाहणं हे केवढं साधन आहे, याचा याहून चांगला दाखला विद्यार्थ्याला देता येणार नाही.

दोन्ही चुली पुन्हा एका घरात आल्या त्या १९७४ मध्ये. बंगळुरूच्या संस्थेचं तिथल्या मनोरुग्णालयाशी एकत्रीकरण होऊन निम्हान्स आकाराला आली. मानसोपचार, न्यूरॉलॉजी आणि मेंदूची शस्त्रक्रिया हे तिन्ही विभाग तिथे शेजारी शेजारी आहेत. मात्र निम्हान्समध्ये घडतात ते पदव्युत्तर विद्यार्थी. एमबीबीएसच्या मुलाला असा शेजार क्वचितच लाभतो.

कागदावरचे आठवडे

भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमांत मानसोपचाराच्या वाट्याला दोन आठवड्यांचं पोस्टिंग आणि वीस तासांची व्याख्यानं आली होती. साडेचार वर्षांत दोन आठवडे! इंटर्नशिपमध्ये हा विषय ऐच्छिक होता. घ्यायचा तर घ्या, नाहीतर त्वचारोग किंवा क्ष-किरण विभाग आहेच. त्यामुळे एकाही मनोरुग्णाची मुलाखत स्वतः न घेता डॉक्टर होणं नियमानुसार शक्य होतं आणि अनेक जण तसे झालेही.

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमानं परिस्थिती सुधारली. पोस्टिंग दोन टप्प्यांत मिळून चार आठवड्यांचं झालं. विषयाच्या ११७ क्षमता लिहून काढल्या गेल्या. इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराचे दोन आठवडे सक्तीचे झाले. रुग्णाशी बोलण्याची रीत, नैतिकता आणि वृत्ती यांसाठी स्वतंत्र तास आले. पहिल्या वर्षाच्या आरंभी स्थानिक भाषेची ओळख करून द्यायची तरतूदही झाली.

न्यूरॉलॉजीचा मार्ग वेगळा आहे. एमबीबीएसच्या महाविद्यालयात न्यूरॉलॉजीचा स्वतंत्र विभाग असलाच पाहिजे असं बंधन नाही, कारण ती अतिविशेष शाखा मानली जाते. मेडिसिनच्या अभ्यासक्रमात डोकेदुखी, पक्षाघात आणि हालचालींचे विकार अशी प्रकरणं आहेत, ती मेडिसिनचे शिक्षक शिकवतात. मोठ्या शहरातल्या जुन्या महाविद्यालयात डीएम न्यूरॉलॉजीचे विद्यार्थी, ईईजीची खोली, स्ट्रोकचा विभाग हे सारं असतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नव्या महाविद्यालयात बहुधा एखादा मानद तज्ज्ञ आठवड्यातून येऊन जातो. देशात एमबीबीएसच्या जागा आता एक लाखाच्या वर गेल्या आहेत आणि त्यांतली मोठी वाढ नव्या महाविद्यालयांतली आहे. म्हणून मोजक्या नामवंत संस्थांत काय चालतं यावरून देशातल्या शिक्षणाचा अंदाज बांधता येत नाही.

सायकचं पोस्टिंग

वॉर्डात पंधरा मुलांचा गट आणि एक रुग्ण, ही आपल्याकडची रूढ पद्धत. फुगलेलं यकृत पंधरा जणांनी एकामागून एक चाचपलं तरी रुग्ण वैतागतो, पण यकृत जागच्या जागी राहतं. मानसोपचारात हे चालत नाही. ज्या बाईला नवऱ्याबद्दल बोलायचं आहे, ती पंधरा पांढऱ्या कोटांसमोर गप्प बसते. मग रजिस्ट्रार तिच्या वतीनं कहाणी सांगतो, मुलं उतरवून घेतात आणि मनःस्थितीच्या तपासणीचे मथळे, म्हणजे बोलणं, मूड, विचार, भास, स्मरण, समज, लॉगबुकात एकमेकांच्या वह्यांतून भरले जातात.

दुसरी अडचण आहे रुग्णांच्या निवडीची. मुलं वॉर्डात पाहतात ते आजार विकोपाला गेल्यावर दाखल झालेले रुग्ण. स्किझोफ्रेनियाचा माणूस औषधांनी सावरतो, पुन्हा दुकानात बसू लागतो आणि दर महिन्याला गोळ्या न्यायला येतो, हे दिसतं ओपीडीत. पण पाठपुराव्याच्या ओपीडीत गर्दी असते आणि शिकवायला फुरसत नसते. आपल्या विषयातले रुग्ण बरे होतात हे ज्यानं पाहिलं नाही, त्याला तो विषय निराशाजनक वाटला तर नवल नाही. मानसोपचाराच्या पोस्टिंगनंतर विद्यार्थ्यांची वृत्ती सुधारते आणि पुढे ही सुधारणा ओसरत जाते, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळलं आहे. एकदा पाहून ठसा टिकत नाही, तो पुन्हा पुन्हा उमटवावा लागतो.

तिसरी बाब भाषेची. छातीचा आवाज ऐकायला मराठी यावं लागत नाही. माणसाचं मन ऐकायला यावं लागतं. सरकारी महाविद्यालयांतल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. केरळ, राजस्थान, बिहार अशा राज्यांतून आलेली मुलं ‘कुठं दुखतं’, ‘किती दिवस झाले’ एवढं मराठी महिन्याभरात शिकतात. पण ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं भणभणतं’, ‘कशात मन लागत नाही’, ‘बाहेरचं काहीतरी आहे म्हणतात’ या तक्रारींचा माग काढणं त्यांच्या आवाक्यापलीकडे असतं. मराठी मुलांनाही ते आपोआप येत नाही. शहरात इंग्रजी माध्यमात वाढलेल्या मुलीला नांदेडच्या आजीबाईंची कहाणी ऐकायला तितकंच शिकावं लागतं.

आणि घरच्या मंडळींचा भाग तर राहूनच जातो. आपल्याकडे मनोरुग्ण सहसा एकटा येत नाही, सोबत आई, भाऊ, मामा असतात. काही जण त्याआधी देवऋष्याकडे जाऊन आलेले असतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तरी कुटुंबाचा विश्वास न दुखावता त्यांना औषधाकडे वळवणं हे कायद्याचं काम नाही, ते डॉक्टरचं कसब आहे. ते व्याख्यानातून येत नाही. चांगल्या शिक्षकाला तसं करताना पाहूनच ते येतं.

न्यूरॉलॉजीची धास्ती

राल्फ जोझेफोविच या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टनं १९९४ मध्ये विद्यार्थ्यांच्या या भीतीला ‘न्यूरोफोबिया’ म्हटलं. मूलभूत शास्त्रांचं ज्ञान रुग्णाच्या खाटेपाशी वापरता न येणं हे त्यांनी तिचं मूळ मानलं. त्यानंतर ब्रिटनसह अनेक देशांत अशाच पाहण्या झाल्या आणि इतर शाखांच्या तुलनेत न्यूरॉलॉजी सर्वांत अवघड वाटते, असं उत्तर पुन्हा पुन्हा आलं. आपल्याकडे पहिल्या वर्षी मुलं मेंदूतले मार्ग आणि केंद्रं पाठ करतात. त्यांची गाठ रुग्णाशी पडते ती पुढच्या वर्षी आणि तोवर पाठ केलेलं बरंचसं उडून गेलेलं असतं.

पण भीतीचा खरा कारखाना परीक्षेत आहे. प्रात्यक्षिकासाठी बोलावलेला रुग्ण बहुधा जुन्या पक्षाघाताचा असतो, ज्याची लक्षणं स्थिर आणि ठळक आहेत. विद्यार्थ्यानं उच्च मानसिक कार्यांपासून सुरुवात करायची, मग बारा कवटी-मज्जातंतू, स्नायूंची ताकद, प्रतिक्षेप, संवेदना, तोल, चाल. आणि शेवटी ‘सर, इजा इंटर्नल कॅप्सूलमध्ये आहे’ असं, मेंदूतल्या नेमक्या जागेचं नाव घेऊन, सांगायचं. इजेची जागा ओळखणं ही उत्तम बौद्धिक कसरत आहे यात शंका नाही. मात्र खऱ्या आयुष्यात हाच रुग्ण पहाटे कॅज्युअल्टीत येतो तेव्हा पहिला प्रश्न जागेचा नसतो, वेळेचा असतो. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता? गुठळी विरघळवणारं औषध नसेतून द्यायचं तर ते सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. ‘झोपेतून उठले तेव्हापासून असं आहे’ या एका वाक्यानं सारं गणित बदलतं. जागा अचूक सांगून पास झालेल्या कित्येक मुलांना ही वेळ विचारण्याची सवय लागलेली नसते.

दुसरं असं की, समाजात सर्वाधिक आढळणाऱ्या न्यूरॉलॉजीच्या तक्रारींत हातोडीला काही सापडतच नाही. अर्धशिशीच्या रुग्णाची तपासणी सामान्य असते. अपस्माराचा रुग्ण दोन आकड्यांच्या मधल्या काळात ठणठणीत असतो. निदान होतं ते प्रत्यक्षदर्शीला नीट प्रश्न विचारून. आधी काय झालं, डोळे उघडे होते की मिटलेले, कोणत्या बाजूनं सुरुवात झाली, जीभ कुठे चावली गेली, किती वेळात भान आलं? आता तर घरचे लोक मोबाइलवर आकडीचं चित्रण करून आणतात आणि ते पाहायला शिकवणं हा स्वतंत्र धडा ठरावा. चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा, आणि आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीनं औषध द्यावं लागतं, एवढं तरी प्रत्येक इंटर्नला घरच्यांना सांगता यायला हवं. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला सोडियम व्हॅल्प्रोएट लिहिण्याआधी गर्भावरच्या दुष्परिणामांचा विचार करणंही त्यात आलं.

म्हणजे न्यूरॉलॉजीत ज्याचं सर्वाधिक काम पडतं ते कौशल्य ऐकण्याचं आहे आणि ते मानसोपचारात शिकायला मिळतं. उलट मानसोपचारात जे हमखास सुटतं ते शरीराच्या तपासणीचं काटेकोरपण, आणि ते न्यूरॉलॉजीत आहे. दोन विषय वेगळे शिकवल्यानं विद्यार्थी दोन्हीकडून उणा राहतो.

हद्दीवरचे रुग्ण

हे कुठे ठळक दिसतं? दोन्ही विभागांच्या सीमेवर. मांडीचं हाड मोडून ऑर्थोपेडिक वॉर्डात दाखल झालेले गृहस्थ तिसऱ्या रात्री सलाईन उपसतात, भिंतीवर किडे दिसतात म्हणतात. ‘सायक कॉल’ पाठवला जातो. खरं तर दारू अचानक बंद झाल्यानं उद्भवलेली ती भ्रमावस्था असते आणि थायमिन व योग्य औषधं वेळेत मिळाली नाहीत तर माणूस दगावू शकतो. त्यांच्या केसपेपरवर पहिल्या दिवशी ‘कॉन्शस, ओरिएंटेड, कोऑपरेटिव्ह’ हे तीन शब्द आहेत, दारूचा इतिहास मात्र नाही.

दुसरीकडे कॉलेजातली मुलगी अचानक विचित्र वागू लागते, तिला भास होतात, मग आकड्या येतात, हालचाली बिघडतात. होसेप डाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एनएमडीए ग्राहकांविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह वर्णन केला, तेव्हापासून अशा रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सुरुवातीला मानसोपचार विभागात पोहोचणाऱ्या या रुग्णांपैकी बरेच जण योग्य उपचारांनी सुधारतात. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतून हातापायाला मुंग्याही येतात आणि स्मरणही ढासळतं. पार्किन्सनच्या रुग्णाला उदासी येते, पक्षाघातानंतर ती येते. हॅलोपेरिडॉलच्या सुईनं मान वाकडी होऊन बसलेला मुलगा कॅज्युअल्टीत धनुर्वाताचा रुग्ण ठरू शकतो. आणि ज्या आकड्यांमागे मेंदूतली विद्युत गडबड नाही, त्या ‘नाटक’ नसतात. पण ते समजावून सांगायला शिकलेले डॉक्टर थोडे.

मराठवाडा आणि विदर्भातल्या मेडिसिन वॉर्डात तर आणखी एक रुग्ण नेहमी भेटतो, कीटकनाशक प्यायलेला. ॲट्रोपिन कधी, किती, बाहुल्या किती आकुंचल्या, श्वासाचे स्नायू कधी थकतील, हे सारं इंटर्न तळहातासारखं जाणतो. रात्ररात्र जागून त्यानं माणूस वाचवलेला असतो. तरीही अनेकदा हा रुग्ण घरी जातो तेव्हा, त्यानं विष का घेतलं, पुन्हा घेण्याचा विचार मनात आहे का, घरात अजून डबा आहे का, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. मानसोपचाराचा सर्वांत महत्त्वाचा धडा मानसोपचाराच्या वॉर्डात नव्हे, तर मेडिसिनच्या आयसीयूत, डिस्चार्ज कार्ड लिहिताना शिकवायचा असतो. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं तर ते विचार रुग्णाच्या डोक्यात भरतील, ही भीती निराधार आहे, हे तिथेच सांगायला हवं.

कायदाही हेच गृहीत धरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आणीबाणीच्या वेळी कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला मनोरुग्णावर ७२ तासांपर्यंत उपचार करण्याची मुभा दिली आहे. सरकारी आरोग्य केंद्रांतल्या आणि तुरुंगांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत मानसिक उपचारांचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ही जबाबदारी नोकरी लागल्यावर चार दिवसांच्या शिबिरात पार पाडायची, की एमबीबीएसच्या वर्षांतच, एवढाच प्रश्न उरतो.

जे विचारलं जाईल तेच शिकलं जाईल

२०१९ च्या नियमांनुसार मानसोपचार, त्वचारोग आणि श्वसनविकार मिळून मेडिसिनच्या लेखी गुणांचे २५ टक्के. या तिघांत मानसोपचाराचा वाटा म्हणजे दोन-चार प्रश्न. स्वतंत्र विषय म्हणून पास-नापास नाही, अंतिम प्रात्यक्षिकात मानसोपचाराची मुलाखत नाही. पुढे इंटर्नशिपमध्ये बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नीट-पीजी असते. बहुपर्यायी प्रश्नांच्या त्या परीक्षेत रुग्णाशी कसं बोलता याचे गुण नसतात. सकाळी रक्ताचे नमुने, दुपारी रिपोर्टांचा पाठलाग, रात्री प्रश्नपेढी अशा दिवसात सायकचे दोन सक्तीचे आठवडे अभ्यासाची सुट्टी होऊन बसतात. इंटर्नला दोष देण्यात अर्थ नाही, ते परीक्षेच्या हाकेला ओ देतात.

श्रीलंकेत वेगळी वाट घेतली गेली. तिथल्या विद्यापीठांनी मानसोपचाराला अंतिम वर्षात मेडिसिन, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र आणि बालरोग यांच्या पंक्तीला बसवून स्वतंत्र परीक्षेचा विषय केलं. अमेरिकेत मानसोपचाराचं पोस्टिंग साधारण चार ते आठ आठवड्यांचं असतं आणि बहुतेक महाविद्यालयांत न्यूरॉलॉजीचंही वेगळं, साधारण चार आठवड्यांचं. तिथे विद्यार्थी वॉर्डातल्या चमूत सामील होतो, रुग्ण त्याच्या नावावर असतो.

‘परीक्षेत आणा’ हे उत्तर मात्र अपुरं आहे, कारण न्यूरॉलॉजी परीक्षेत आहेच आणि तिचं काय झालं ते आपण पाहिलं. प्रश्न आहे तो परीक्षेत काय विचारायचं याचा. इथे न्यूरॉलॉजीच्याच इतिहासात एक उपयोगी गोष्ट सापडते. हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टनं १९६३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका निरोगी स्त्रीला रुग्णाची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना तिची तपासणी करायला लावली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘प्रमाणित रुग्णा’ची ही सुरुवात होती. १९७५ मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी वेगवेगळ्या टेबलांवर ठरावीक वेळात एकेक कौशल्य तपासणारी ओस्की परीक्षा मांडली. दोन्ही एकत्र आणले की, पाच मिनिटांत आकडीचा इतिहास घेणं किंवा विष घेऊन वाचलेल्या माणसाशी बोलणं हे गुण देण्याजोगं कौशल्य बनतं. खऱ्या रुग्णाला पंधरा वेळा तेच सांगायला लावण्याचा अन्यायही टळतो.

गावपातळीवरचे धडे

साध्या डॉक्टरला हे जमेल का, ही शंका अनुभवानं केव्हाच फिटली आहे. निम्हान्सनं १९८०च्या दशकात कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकवून मानसिक आजारांबरोबर अपस्माराचेही उपचार तिथेच सुरू केले. १९९६ च्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नमुना तोच. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेनं डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना तयार केलं. सरकारी केंद्रांत येणाऱ्या उदासी-चिंतेच्या रुग्णांना त्यांचा उपयोग झाल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत नैराश्य, मनोविकृती, अपस्मार, स्मृतिभ्रंश आणि व्यसनं एकाच पुस्तकात आहेत, कारण गावच्या डॉक्टरकडे ती एकाच दारानं येतात. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये त्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनी माणूस आणि त्याचं घर सावरताना विद्यार्थ्याला पाहायचं असेल, तर अशी ठिकाणं पोस्टिंगच्या नकाशात हवीत.

अभ्यासक्रमाच्या आशयाकडेही लक्ष ठेवावं लागतं. समलैंगिकतेला विकृतींच्या यादीत बसवणारा जुना मजकूर मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये दखल घेतल्यावरही पुरता गेला नाही. अभ्यासक्रमाच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत त्यातला काही भाग परत डोकावला आणि सप्टेंबरमध्ये ती मागे घ्यावी लागली. आणि ज्यांना शिकवायचं त्यांच्या मनाचं काय? राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाच्या २०२४ च्या अहवालात २७.८ टक्के पदवी विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं नोंदवलं आहे. ज्या महाविद्यालयात मानसोपचार विभागात जाणं ही लपवण्याची गोष्ट आहे, तिथल्या मुलाकडून रुग्णाचा संकोच दूर करण्याची अपेक्षा फोल आहे.

आठवडे वाढवून काय होईल?

थोडंफार होईल. पण नुसते आठवडे वाढवल्यानं पंधरा जणांच्या गटापुढची बाई बोलू लागणार नाही. जास्त फरक पडेल तो तीन गोष्टींनी. एक, दोन्ही विषयांचा काही भाग मेडिसिनच्या वॉर्डात एकत्र शिकवावा. विष घेतलेला, दारू सुटलेला, पक्षाघात झालेला रुग्ण मानसोपचार आणि मेडिसिन वा न्यूरॉलॉजीच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. त्यासाठी नवा विभाग लागत नाही, दोन विभागप्रमुखांनी आठवड्यातला एक राऊंड जुळवला की पुरे. दोन, विद्यार्थ्याला पाठपुराव्याच्या ओपीडीत दोन-तीन रुग्ण स्वतःचे म्हणून द्यावेत आणि ते वर्षभर त्यानंच पाहावेत. अभ्यासक्रमात आलेल्या कुटुंब-दत्तक योजनेतल्या घरांतही आकडी, विसरभोळे आजोबा आणि दारू भेटतेच, त्या योजनेचा यासाठी उपयोग करावा. तीन, अंतिम प्रात्यक्षिकात दोन टेबलं सक्तीची असावीत, एक आकडी किंवा डोकेदुखीचा इतिहास घेण्याचं, दुसरं आत्महत्येचा धोका विचारण्याचं. दोन्हींत वेगळं पास व्हावं लागावं.

तिसऱ्या सुचवणीला सर्वांत जास्त विरोध होईल, कारण परीक्षक तयार करावे लागतील आणि काही मुलं नापास होतील. पण विद्यापीठानं दोन वर्षं आधी जाहीर केलं, की अंतिम परीक्षेत या दोन टेबलांवर बसावं लागेल, तर सायकच्या पोस्टिंगला मुलं आपोआप हजर राहतील, वरिष्ठ मुलं कनिष्ठांना प्रश्न कसे विचारायचे ते सांगतील आणि मेडिसिनचे शिक्षकही वॉर्डात ते विचारू लागतील. इंटर्नल कॅप्सूलबाबत नेमकं हेच घडलेलं आहे. मुलांनी ती जागा पाठ केली ती आवडीनं नव्हे, विचारली जाते म्हणून. विचारायचं काय, ते ठरवणं विद्यापीठांच्या हातात आहे.